अ‍ॅटनबरो : एका दुर्मिळ आडनावाची गोष्ट

'गांधी' (१९८२) या चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो आणि निसर्गपटांमुळे घराघरांत पोचलेले त्यांचे धाकटे बंधू डेव्हिड यांच्यामुळे हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. इंग्लंडमध्ये मात्र ते दुर्मिळच.

नॉटिंगहॅमशायर परगण्यात ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो नावाचे गाव आहे. 'अ‍ॅडा' हे जुने व्यक्तिनाम आणि 'बुर्ह' म्हणजे तटबंदीची जागा. थोडक्यात, अ‍ॅडाची गढी. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रथम सरदारांत आणि पुढच्या तीन-चार शतकांत सामान्यांत रुजली. गावावरून नाव पडते ते गाव सोडल्यावर. (साताऱ्यात राहून कोणी सातारकर होत नाही, तसेच हे!) त्यामुळे लहान गावाचे नाव लावणारे मूळ पुरुष मोजकेच, कदाचित एकच. स्मिथ म्हणजे लोहार. तो गावोगाव असायचा. म्हणून ते आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडले आणि तिथले सर्वांत मोठे आडनाव झाले.

पण एकाच माणसापासून निघालेले नाव टिकते कसे? फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये हा प्रश्न 'एज्युकेशनल टाइम्स' या शिक्षणविषयक नियतकालिकात गणिताचे कोडे म्हणून मांडला. नामांकित घराणी लयाला जाताना दिसत आणि त्यांचे सत्त्व संपत आले, असा अर्थ लावला जाई. हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने उत्तराची रीत शोधली.

ती आपण वर्गातही पडताळून पाहू शकतो. शंभर आडनावे घ्यावीत, प्रत्येकाचा एकच पुरुष. प्रत्येकासाठी दोन नाणी उडवावीत. जितके छापे, तितके मुलगे. म्हणजे सरासरी एक मुलगा. पहिल्याच पिढीत सुमारे २५ नावे संपतात, दुसरीअखेर ३९, दहावीअखेर ७४. माणसे मात्र सरासरीने शंभरच राहतात; ती उरलेल्या २६ नावांत वाटली जातात. यात कोणाचे सत्त्व कमी झाले? नुसती नाणी पडली! वॉटसन यांनी सगळीच नावे अखेर संपणार असे म्हटले, ते मात्र चुकले. सरासरी एकापेक्षा जास्त असेल, तर काही नावे कायमची तरतात.

आडनावाप्रमाणेच वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे जाते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (अ‍ॅटनबरो बंधूंचे वडील याच विद्यापीठाच्या पूर्वीच्या रूपाचे, म्हणजे लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते.) स्मिथ मंडळींत वायचे प्रकार नाना तऱ्हांचे निघाले. अ‍ॅटनबरोंत मात्र सुमारे ८७ टक्के पुरुषांचा प्रकार एकच! स्पेलिंग वेगळे असणारेही त्यात आले. उरलेल्यांच्या पूर्वजांत कोणी दत्तक गेला असेल, कोणी सावत्र बापाचे किंवा आईचे नाव लावले असेल.

आम्हांला विशेष वाटते ते पुढेच. अ‍ॅटनबरोंचा हा प्रकार ब्रिटनमध्ये विरळा आहे. तो ज्या शाखेतला आहे, ती उत्तर आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राभोवती अधिक आढळते. मग इतक्या अस्सल इंग्रजी नावाचा मूळ पुरुष परदेशी होता काय? तसे म्हणता येत नाही. त्याच्या बापजाद्यांपैकी एकजण कित्येक शतके आधी आलेला असू शकतो. शिवाय वाय ही एकच रेषा दाखवते. वीस पिढ्या मागे गेलो, तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या दहा लाखांहून अधिक जागा असतात आणि आडनाव त्यांतल्या एकीचेच.