रिकामी पिकअप मागून का उडते? नवा पाटा टाकण्याआधी हे तपासा

सावंगी (मेघे), वर्धा : कापूस, सोयाबीन बाजार समितीत उतरवून पिकअप रिकामी परत निघाली की मागची बाजू नाचायला लागते. खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर धडधड होते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावला, तर मागची चाकं जागेवरच उड्या मारतात. ‘पाटे बसले, एक पाटा वाढवून घे,’ असा सल्ला लगेच मिळतो. पण दोष अनेकदा दुसरीकडेच असतो आणि वाढवलेल्या पाट्याचा परिणाम थेट ब्रेकवर होऊ शकतो.

नेमकं काय होतं?

पिकअपचे पाटे दोन कामं करतात. मालाचं वजन झेलतात आणि मागचा ॲक्सलही जागेवर धरून ठेवतात. ते भरलेल्या गाडीच्या हिशोबाने कडक केलेले असतात, त्यामुळे गाडी रिकामी असली की फारसे दबत नाहीत. खड्डा आला की जड ॲक्सल चाकांसकट वर उसळतो. ही उसळी आवरणं हे शॉकॲब्सॉर्बरचं काम.

जोर लावल्यावर होणारी धडधड वेगळी. चाक पुढे फिरतं तेव्हा ॲक्सलचं हौसिंग उलट्या दिशेने फिरू पाहतं आणि पाटा आडव्या ‘एस’सारखा पिळला जातो. चाकाची पकड सुटली की तो झटक्यात सरळ होतो, पकड आली की पुन्हा पिळतो. हा मार शाफ्टचे क्रॉस, यू-बोल्ट आणि ॲक्सल खातात.

मोठ्या कंपन्यांनाही हा त्रास झाला आहे. अमेरिकेत १९६७ च्या शेवरोले कमॅरो कारची मागची चाकं अशीच उडायची. १९६८ मध्ये कंपनीने मागचा एक शॉकॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला.

या क्रमाने तपासा

१. टायरची हवा : भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी पळवली तर टायर चेंडूसारखा उसळतो. कंपनीने रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा. माल भरण्याआधी हवा पुन्हा वाढवायला विसरू नका.

२. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट : यू-बोल्ट ढिला असला की ॲक्सल पाट्यावर सरकतो. कंपनीच्या मापानेच टॉर्क रेंचने आवळून घ्या. पाटे खोलले असतील तर काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासा. ताणलेले जुने यू-बोल्ट परत वापरू नका.

३. शॅकल आणि बुश : पहारीने हलवून पाहा. खेळ दिसला तर बुश बदला.

४. शॉकॲब्सॉर्बर : बाहेर तेल आलं असेल तर तो संपला. खालचा बोल्ट काढून हाताने ओढून पाहा. सहज सरकला तर बदला, आणि दोन्ही बाजूंचे सोबतच बदला.

५. पाटे : माती धुवून तडा आहे का, क्लिपा जागेवर आहेत का ते पाहा. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नका. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा पुन्हा तुटतो.

चालवण्याची सवयही बघा. चिखलात क्लच झटक्यात सोडू नका. धडधड सुरू झाली की लगेच ॲक्सिलरेटर सोडा.

जास्तीचा पाटा का नको?

जास्तीच्या पाट्याने पीळ थोडा कमी होतो, पण रिकामी गाडी आणखी कडक होते आणि जास्त उसळते. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह दांडीने ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी किती दबली यावरून तो वजन ओळखतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ॲक्सल आणि पाट्यामध्ये गुटका टाकून गाडी उंच केली तर पीळही वाढतो.

पाटा वाढला म्हणून गाडीची मंजूर क्षमता वाढत नाही. ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

मुख्य पाटा तुटला असेल किंवा यू-बोल्ट निघाला असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. माल दुसऱ्या गाडीत घ्या आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा.