उणे सातला दोनने भागलं तर?

बेरीज-वजाबाकी शाळेतलीच, मग पायथॉनमध्ये त्यात नवं काय शिकायचं, असं नवशिक्यांना वाटतं. घोळ सुरू होतो तो भागाकारापासून.

पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच, हा पहिला गैरसमज. पायथॉन २ मध्ये ते खरं होतं. ७ / २ चं उत्तर ३ यायचं. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये ते ३.५ झालं. ६ / २ सुद्धा आता ३.० येतं. सी आणि जावामध्ये मात्र ७ / २ म्हणजे आजही ३ च.

मग पूर्णांकी भागाकाराचं चिन्ह // म्हणजे दशांश चिन्हापुढचं छाटून टाकणं? धन संख्यांपुरतं तसंच दिसतं, म्हणून हा समज फार चिवट आहे. −७ // २ करून पाहा. उत्तर −३ नाही, −४ येतं. हा भागाकार संख्यारेषेवर डावीकडच्या पूर्णांकावर थांबतो, आणि −३.५ च्या डावीकडे −४ आहे. % ने मिळणारी बाकीही त्यालाच बांधलेली: −४ दुणे −८, म्हणून −७ % २ ची बाकी १. सी मात्र शून्याच्या दिशेने जाते. तिथे भागाकार −३, बाकी −१. त्यामुळे ‘बाकी १ असेल तर संख्या विषम’ ही तपासणी सी मध्ये ऋण संख्यांवर फसते, पायथॉनमध्ये फसत नाही. नियम दोन्ही सुसंगत आहेत, पण मला पायथॉनचाच सोयीचा वाटतो. दोन वाजण्याआधी पाच तास किती वाजले होते? (२ − ५) % १२ थेट ९ सांगतं.

−२ ** २ चं उत्तर ४ नव्हे, −४. घात आधी, उणे चिन्ह नंतर. कंस घातला की प्रश्न मिटतो.

०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ दिसलं की पायथॉनवर खापर फुटतं. जावास्क्रिप्टही हेच उत्तर देते. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं तर तिनांची रांग संपत नाही. द्विमान पद्धतीत ०.१ ची तीच गत होते. आयट्रिपलई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार अशी संख्या ५३ द्विमान अंकांत बसवतात, उरलेलं सुटतं. म्हणून दशांश अपूर्णांकांची तुलना == ने करू नये, आणि पैशांचा हिशेब पूर्णांक पैशांत किंवा पायथॉनचा डेसिमल हा प्रकार वापरून करावा. डेसिमललाही ०.१ अवतरणचिन्हांतच द्यायचं; नाहीतर त्याच्या हाती आधीच किंचित चुकलेली संख्या पडते.