निर्जन बेटावरच्या आठ तबकड्या

‘तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं?’ असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘असं एक कसं सांगणार?’ आणि शंभर सांगायला सांगितली, तर त्या शंभरांत माणूस खुशाल लपून बसतो. लोकांनी आपल्याला रसिक म्हणावं म्हणून घातलेली गाणी कुठली आणि एकटा असताना गुणगुणतो ती कुठली, हे त्या गर्दीत कळत नाही. आठ हा आकडा मात्र बेरकी आहे. पहिली तीन-चार नावं पटापट येतात, मग वशिल्याची दोन-तीन घुसतात आणि शेवटच्या जागेसाठी मनात खरी भांडणं सुरू होतात. बीबीसी रेडिओचा ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा कार्यक्रम १९४२पासून या आठाच्या जोरावर चालला आहे. आजवर तीन हजारांहून अधिक पाहुणे त्यात येऊन गेले.

कल्पना रॉय प्लमली यांची. १९४१च्या नोव्हेंबरातली रात्र, शेकोटी विझलेली, हे गृहस्थ पायजम्यात, झोपायच्या तयारीत. तेवढ्यात सुचलं आणि त्यांनी तिथल्या तिथे बीबीसीला पत्र लिहिलं. दोन-अडीच महिन्यांत, २९ जानेवारी १९४२ रोजी, पहिला भाग सैनिकांसाठीच्या वाहिनीवरून गेला. (आपल्या विविध भारतीची ‘जयमाला’ही फौजींसाठीचीच. घरापासून लांब असलेल्या माणसाला गाणं जास्त लागतं, हे रेडिओवाल्यांनी सगळीकडेच ओळखलं होतं.) पहिले पाहुणे होते विनोदी नट व्हिक ऑलिव्हर, चर्चिल यांचे जावई. युद्धकाळ असल्यामुळे संभाषण आधी लिहून, तपासून घ्यावं लागे. मनमोकळ्या गप्पा पुढे आल्या.

नियम असे. तुम्ही एका निर्जन बेटावर अडकला आहात. सोबत आठ तबकड्या नेता येतील. एक पुस्तक नेता येईल. बायबल आणि शेक्सपिअर मात्र तिथे आधीच ठेवलेले आहेत, त्यामुळे ते मागायचे नाहीत. बायबलच्या जागी स्वतःच्या धर्माचा ग्रंथ घेता येतो. आणि एक चैनीची वस्तू. अट अशी, की ती निर्जीव हवी आणि सुटकेसाठी किंवा बाहेरच्या जगाशी संपर्क साधण्यासाठी कामाची नसावी. होडी चालणार नाही, माणूसही चालणार नाही. जॉन क्लीझ यांनी आपले सहकारी मायकेल पॅलिन यांना मागितलं, तेव्हा ते पेंढा भरलेले असतील तरच, या बोलीवर परवानगी मिळाली.

मला यातली खरी हुशारी त्या दोन आगाऊ ग्रंथांत दिसते. ते दिले नसते, तर निम्म्या पाहुण्यांनी बरं दिसतं म्हणून त्यांचीच नावं घेतली असती. मराठीत असा कार्यक्रम करायचा झाला, तर ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा आधीच बेटावर ठेवून द्यावी लागेल. मग लोक खरं बोलतील. कुणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथाही मागेल.

निवेदक पाहुण्याला गाण्याच्या गुणवत्तेबद्दल फारसं विचारत नाही. हे कधी ऐकलंत, कुणाबरोबर होतात, तेव्हा काय चाललं होतं, असे प्रश्न येतात. मग गाण्याचा थोडासा तुकडा लागतो. तेवढा वेळ कुणीच बोलत नाही, आणि तो संपल्यावर पाहुणा पुष्कळदा ठरवून आलेल्यापेक्षा दोन वाक्यं जास्त बोलून जातो. सरळ मुलाखतीत हे सहसा होत नाही. तरी सगळेच सापडतात असं नाही. सोप्रानो गायिका एलिझाबेथ श्वार्त्सकॉप्फ यांनी १९५८मध्ये आठपैकी सात तबकड्या स्वतःच्याच निवडल्या. अर्थात, हेही एक उत्तरच झालं.

स्टीफन हॉकिंग १९९२च्या नाताळात आले होते. बोलणं संगणकाच्या आवाजातून. त्यांच्या यादीत मोत्झार्टचं ‘रेक्विएम’ होतं, वाग्नर होता, बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ होतं आणि एदित पियाफही होती. एकविसाव्या वर्षी असाध्य आजाराचं निदान झालं, त्या दिवसांत त्यांनी वाग्नर जवळ केला होता. बीटल्सचं ते गाणं १९६३चं, म्हणजे निदानाच्याच वर्षातलं. चैनीची वस्तू म्हणून त्यांनी ‘क्रेम ब्रूले’ मागितलं: अंड्याच्या कस्टर्डवर साखर जाळून कडक पापुद्रा आणलेला गोड पदार्थ. विश्वाच्या उत्पत्तीवर लिहिणाऱ्या माणसाची ही मागणी वाचली, की यादीतला वाग्नरही एकदम ओळखीचा वाटू लागतो.

वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या कॅथरीन लव्हडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमातल्या ८० पाहुण्यांच्या निवडी तपासल्या. जवळजवळ निम्म्या गाण्यांचा संबंध पाहुण्याच्या वयाच्या दहा ते तीस या वर्षांशी निघाला. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हा उंचवटा आधीपासून माहीत होता: उतारवयात माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्या वर्षांतल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. कारणं अनेक मांडली जातात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिल्यांदा घर सोडणं हे सगळं तेव्हाच घडतं आणि पहिलेपणाची नोंद खोल उमटते. शिवाय ‘मी कोण’ हे त्याच काळात ठरत असतं, म्हणून त्या वेळचं गाणं नुसतं आवडत नाही, आपलं होऊन बसतं. पुस्तकं आणि सिनेमे यांच्या आवडीतही असाच कल आढळला आहे.

पण एवढ्यावर भागत नाही. २०१३मध्ये कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या विद्यार्थ्यांना जुनी लोकप्रिय गाणी ऐकवली. आपल्या काळातल्या गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही या मुलांचं नातं जुळलेलं दिसलं. मराठी घरांत याचा दाखला शोधावा लागत नाही. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालं. गाणी ५६. तेव्हा जे पंधरा-सोळा वर्षांचे होते, त्यांच्या यादीत ते असणारच. पण त्यांच्या नातवंडांनाही त्यातली कडवी येतात, ती रेडिओ न ऐकता. स्वयंपाकघरातून ऐकू आलेलं पुरलं.

हा खेळ घरी करायला फक्त वेळ लागतो. आई, आत्या, शेजारचे काका, कुणीही चालेल. आठवडाभर आधी सांगून ठेवा, कारण पहिल्या दिवशीची यादी बहुधा दिखाऊ असते. ती त्यांना दोन-तीनदा बदलू द्या. गाणं लावायच्या आधी त्याची गोष्ट विचारा, आणि लागलं की मध्ये बोलू नका. ‘हे कुणाचं संगीत?’ हा प्रश्न टाळा, त्याने गप्पांची परीक्षा होते. सिनेमा किंवा गाव निवडायला सांगितलं तरी रीत तीच: कुठल्या टॉकीजला, कुणी तिकीट काढलं, त्या गावी एसटीने की बैलगाडीने. जाणकारी दाखवायला निघालेली माणसं तिकिटापाशी आली की सैल होतात. चैनीची वस्तू विचारायला विसरू नका. तपकिरीपासून झोपाळ्यापर्यंत काहीही निघू शकतं.

शेवटचा प्रश्न बीबीसीतही शेवटीच येतो: लाट आली आणि तबकड्या वाहून चालल्या, तर धावत जाऊन कुठली एक वाचवाल? सुरुवातीला हेच विचारलं असतं, तर ‘असं एक कसं सांगणार’ ऐकावं लागलं असतं. आठ गाण्यांच्या गोष्टी सांगून झाल्यावर मात्र उत्तर लगेच येतं. गाण्यापुढे त्याचं सालही लिहून घ्या, आणि सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय.