बेघरांच्या रांगेतला वर्णभेद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोला मुलांकडे राहून आलेली मंडळी तिथल्या फुटपाथवरच्या तंबूंबद्दल हमखास बोलतात. 'व्यसनं असतात हो त्यांना', 'सगळे बाहेरून आलेले' अशी कारणंही लगेच पुढे येतात. ती आकड्यांपुढे टिकत नाहीत.

ड्रग्जच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वर्षानुवर्षं अमेरिकेत सर्वाधिक राहिलं ते वेस्ट व्हर्जिनियात. तिथे बेघरांचं प्रमाण कमी आहे, कारण घरभाडं कमी आहे. बाहेरून येण्याचं म्हणाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०२३ च्या पाहणीत तिथल्या ९० टक्के बेघरांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच होतं.

'कृष्णवर्णीय मुळात जास्त गरीब, म्हणून तेच जास्त बेघर' हा समज अधिक चिवट आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. जानेवारी २०२४ च्या सरकारी मोजणीत देशभरात एका रात्री ७,७१,४८० माणसं बेघर आढळली. त्यांत कृष्णवर्णीय ३२ टक्के. देशाच्या लोकसंख्येत ते १२ टक्के आणि गरिबांमध्ये २१ टक्के आहेत. म्हणजे गरिबी जमेला धरूनही हिशेब जुळत नाही.

तो जुळवायचा तर १९३० च्या दशकात जावं लागतं. गृहकर्जासाठी तयार झालेल्या सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि पुढची कित्येक वर्षं तिथे कर्ज मिळणं जवळपास अशक्य झालं. गोऱ्या कुटुंबांनी त्या काळात घरं घेतली आणि ती मुलांना ठेवली. असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात झाला. पण तोवर दोन पिढ्यांचा फरक पडून गेला होता. २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. नोकरी गेली की दोन महिन्यांचं भाडं कुणाकडून तरी उसनं घ्यावं लागतं. ज्याच्याकडे मागायचं, त्या भावाचीच ओढाताण चालू असेल तर घर सुटतं.

हे झालं रस्त्यावर येण्याबद्दल. रस्त्यावरून परत घरात नेणारी यंत्रणा तरी सर्वांना सारखीच वागवते, असं आपण धरून चालतो. 'सगळ्यांना एकच प्रश्नावली, मग भेदभाव कुठून येणार?' मला हा सगळ्यात घातक गैरसमज वाटतो.

अमेरिकेत घरं कमी आणि मागणारे फार, म्हणून कुणाला आधी द्यायचं हे गुणांवर ठरतं. व्हीआय-स्पीडॅट नावाची प्रश्नावली त्यासाठी देशभर वापरली गेली. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा इमर्जन्सी विभागात गेलात? ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली का? बेघर झाल्यापासून कुणी मारहाण केली? दारू-ड्रग्जमुळे घर टिकवणं अवघड जाईल का? 'हो' म्हटलं की गुण वाढतात आणि घर जवळ येतं. आता समोर अनोळखी माणूस फॉर्म घेऊन बसला आहे आणि उत्तर देणारी लहान मूल असलेली कृष्णवर्णीय बाई आहे. व्यसन किंवा मारहाण कबूल केली तर सरकार मूल काढून घेईल, ही तिची भीती निराधार नाही. ती 'नाही' म्हणते आणि रांगेत मागे पडते. दवाखान्यात वाईट वागणूक मिळते म्हणून जो तिथे जायचंच टाळतो, त्याचे गुणही कमीच राहतात. ओरेगन, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसून आलं की गोऱ्यांना या प्रश्नावलीत सरासरीने जास्त गुण पडतात. २०२३ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेला लॉस एंजेलिसच्या नोंदींतही तेच आढळलं. त्याआधी, २०२० च्या अखेरीस, प्रश्नावलीच्या कर्त्यांनीच ती टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं.

वांशिक समता म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला आरक्षण आठवतं. तिथे तसं काही मागितलं जात नाही. वंश पाहून घर देणं १९६८ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. मागणी आहे ती प्रश्न बदलण्याची, आणि घर कुणाला मिळालं व कुणाचं पुन्हा सुटलं याच्या नोंदी वंशवार तपासण्याची. स्वतः बेघर राहिलेल्यांना निर्णयाच्या जागी बसवा आणि जुन्या गुन्ह्याच्या नोंदीवरून सरसकट दार बंद करू नका, हेही त्यात आहे. यातल्या कशानेही गोऱ्या बेघराच्या तोंडचा घास जात नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यापैकी काहींच्या थेट हातात आहे. अमेरिकेत घर भाड्याने देणारी मराठी कुटुंबं आहेत. भाड्यासाठीचं सरकारी व्हाउचर मिळूनही घरमालक नकार देतात म्हणून अनेकांना ते वापरताच येत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारणं बेकायदा आहे. असा अर्ज आला तर तो बाजूला सारू नका, त्या माणसाला बोलावून घर दाखवा.