सोळा वर्षांची वेस : ऑस्ट्रेलियाचे वार्तापत्र

सिडनी : मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी प्रथम कोणाची, आईवडिलांची की मुलांच्या वावरावर नफा कमावणाऱ्या कंपन्यांची, या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियाने कायद्यानेच दिले आहे. १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार १६ वर्षांखालील कोणाचेही समाजमाध्यमावर खाते राहू नये यासाठी ‘वाजवी उपाय’ योजणे कंपन्यांवर बंधनकारक असून, कसूर करणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना किंवा पालकांना मात्र कोणतीही शिक्षा नाही, आणि पालकांची संमती असली तरी खाते उघडता येत नाही.

या कायद्यामागे दशकभराची पूर्वतयारी आहे. २०१५ साली येथे मुलांच्या इंटरनेट-सुरक्षेसाठी स्वतंत्र आयुक्तपद निर्माण झाले, २०१७ मध्ये त्याचे कार्यक्षेत्र सर्व नागरिकांपर्यंत वाढले आणि २०२१ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने त्याला अधिक धारदार अधिकार मिळाले. एखाद्या मुलाचा समाजमाध्यमावर छळ होत असेल, तर आधी संबंधित कंपनीकडे तक्रार करायची आणि ४८ तासांत मजकूर हटला नाही तर आयुक्तांकडे जायचे, अशी येथील पद्धत आहे. छळ गंभीर ठरल्यास आयुक्त तो मजकूर २४ तासांत काढण्याची नोटीस बजावू शकतात.

पूर्वी बहुतेक समाजमाध्यमांनी १३ वर्षांची मर्यादा ठेवली होती, परंतु तिचे मूळ बालमानसशास्त्रात नसून, १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यास मनाई करणाऱ्या १९९८ च्या अमेरिकी कायद्यात होते. शिवाय जन्मसाल खोटे टाकले की ती सहज ओलांडता येत असे. ही मर्यादा बदलण्याच्या हालचालींत दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचे प्रमुख पीटर मॅलिनॉस्कस यांनी पुढाकार घेतला आणि माजी सरन्यायाधीश रॉबर्ट फ्रेंच यांच्याकडून कायद्याचा आराखडा करून घेतला. त्यानंतर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेले विधेयक दोन्ही प्रमुख पक्षांच्या पाठिंब्याने जेमतेम आठवडाभरात मंजूर झाले. जनतेला सूचना पाठवण्यासाठी केवळ एक दिवस देण्यात आला, आणि या घाईवर झालेली टीका रास्तच होती.

कोणती सेवा कायद्याच्या कक्षेत येते, हे ठरवण्याची मुख्य कसोटी म्हणजे वापरकर्त्यांमधील परस्परसंवाद हा त्या सेवेचा एकमेव किंवा महत्त्वाचा हेतू आहे काय, ही होय. त्यानुसार फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, रेडिट आणि सुरुवातीला वगळलेले यूट्यूब हे बंधनात आले, तर व्हॉट्सॲपसारख्या निरोपांच्या सेवा आणि यूट्यूब किड्स बाहेर राहिले. त्यामुळे येथील मराठी घरांतील नातवंडांचा पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल पूर्ववत चालू आहे. वय ठरवण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन आहेत : ओळखपत्र तपासणे, चेहऱ्याच्या छायाचित्रावरून संगणकाने वयाचा अंदाज बांधणे आणि खात्यावरील वर्तनावरून वयाचे अनुमान काढणे. सरकारी ओळखपत्र हाच एकमेव पर्याय ठेवण्यास कंपन्यांना मनाई आहे. चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज सोळाच्या आसपास हमखास डळमळतो, ही या व्यवस्थेची उघड मर्यादा आहे.

त्याहून मोठी उणीव अगदी लहान मुलांच्या बाबतीत आहे, कारण कायदा खाते बाळगण्यावर बंदी घालतो, पाहण्यावर नाही. चार वर्षांचे मूल आईच्या टॅबलेटवर, खाते न उघडता किंवा आईच्याच खात्यावरून, एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती पाहत राहिले तर त्याला ही वेस अडवू शकत नाही. म्हणूनच आयुक्तालय पाच वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी वेगळे मार्गदर्शन देते, ज्याचा भर मुलासोबत बसून पाहणे, उपकरण घरातील सर्वांच्या नजरेसमोर ठेवणे आणि वेळेचे नियम आधीच ठरवणे यांवर आहे.

भारताने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आणि बालकांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. तथापि जेथे एकच फोन सारे घर वापरते आणि खाते वडिलांच्या नावावर असते, तेथे मूल कायद्याला दिसतच नाही. कंपन्यांना जबाबदार धरणारा ऑस्ट्रेलियाचा कणखरपणा अनुकरणीय आहे. परंतु अजून शाळेत जाऊ न लागलेल्या लहान मुलाच्या बाबतीत कोणत्याही देशाचा कायदा उंबरठ्याच्या आत पोहोचत नाही, आणि तेथील पहारा घरच्या वडीलधाऱ्यांनाच करावा लागेल.