ब्रोमोफॉर्म : समुद्रशेवाळातील एक बाष्पनशील द्रव्य

ॲस्पॅरागॉप्सिस टॅक्सिफॉर्मिस या लाल समुद्रशेवाळाचे नाव वैद्यांस फसवे आहे. पूर्वपद शतावरीच्या प्रजातीशी साम्य सांगते, उत्तरपद टॅक्सस वृक्षाशी, ज्याची पाने काही बाजारांत तालीसपत्र म्हणून विकली जातात. साम्य केवळ आकृतीचे आहे. गुणकर्मांचा संबंध नाही. गुजरातच्या किनाऱ्यावरही हे शेवाळ आढळते. त्याचे चूर्ण ‘नैसर्गिक’ म्हणून आपल्या औषधशाळेत येण्यापूर्वी त्यातील ब्रोमोफॉर्म आपण ओळखले पाहिजे.

ब्रोमोफॉर्म हा एका कार्बनास तीन ब्रोमीन व एक हायड्रोजन जोडलेला, वर्णहीन, क्लोरोफॉर्मसारख्या गोडसर वासाचा द्रव होय. तो पाण्याहून सुमारे 2.9 पट जड असून पाण्यात अल्प विरघळतो. सुमारे 149 अंश सेल्सिअसला उकळतो व प्रकाशात पिवळसर होतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. शेवाळातील ब्रोमोपेरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्याचे क्रियाशील ब्रोमीन बनवते, ते सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावते आणि ब्रोमोफॉर्म तयार होते. शेवाळ ते विशिष्ट ग्रंथिपेशींत साठवते. भक्षक व जंतू यांपासून संरक्षण हे त्याचे प्रयोजन. हवाई बेटांतील या शेवाळाच्या सुगंधी तेलात सुमारे 80 टक्के ब्रोमोफॉर्म असल्याचे 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील लोक ‘लिमू कोहू’ या नावाने ते खातात. परंतु आधी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, मग मीठ लावून, तेही तोंडी लावण्यापुरते. आपल्या शोधनसंस्काराची येथे आठवण व्हावी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य वैद्यकात डांग्या खोकल्यावर हे द्रव्य थेंबांच्या मात्रेत दिले जाई. जडपणामुळे ते मिश्रणाच्या तळाशी बसे आणि बाटली न हलविल्यास शेवटच्या मात्रेत एकवटे. बालकांना झालेल्या विषबाधेच्या नोंदी आहेत. अतिमात्रेत ते मज्जासंस्थेस मंद करते व यकृतास अपाय करते.

आज त्याची चर्चा पशुआहारात आहे. 2021 मध्ये कॅलिफोर्नियातील प्रयोगात या शेवाळाने बैलांच्या मिथेनचे उत्सर्जन 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील अभ्यासात गायींच्या दुधात व मूत्रात ब्रोमोफॉर्म सापडले. दूध हे आपले अनुपान व अनेक कल्पांचा आधार असल्याने ही दुसरी बातमी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

उन्हात वाळविताना त्याचा बराचसा अंश उडून जातो, गोठवून वाळविल्यास अधिक टिकतो. म्हणून एकाच नावाची दोन चूर्णे सारखी समजू नयेत. खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून जातीची निश्चिती, वाळविण्याची पद्धत आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने काढलेले ब्रोमोफॉर्मचे प्रमाण लेखी मागावे. आयएस 10500:2012 मधील लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम ही मर्यादा पिण्याच्या पाण्यासाठी आहे. चूर्णाच्या निर्धोकतेचा दाखला म्हणून ती कोणी पुढे केल्यास स्वीकारू नये.