काढू की नको?

घरच्या संगणकावर लिनक्स असले, की वर्षा-दोन वर्षांनी एक प्रश्न पुढ्यात येतोच. नवी आवृत्ती घेताना यंत्र अदबीने विचारते, "एवढी पॅकेजे काढून टाकणार, पुढे जाऊ?" आणि वर नावांची ही लांबलचक यादी!

डेबियन १२ वरून १३ वर जाताना आमच्याकडेही ती आली. पडद्यावरच्या खिडक्या चितारणारे 'लिबजीटीके' तीत पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, राहू द्या! माझ्या ओव्या आहेत त्यात." दहा वर्षे गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या! (पॅकेज काढल्याने आपले लेखन पुसले जात नाही, पण पडदाच काळा झाला तर वाचणार कसे? म्हणून त्यांची नक्कल आधीच बाहेर ठेवली.)

मग मी यादी व्याकरणाच्या पेपरासारखी तपासली. जाणाऱ्यांपैकी बरीच नावे येणाऱ्यांत पुन्हा होती, शेवटी 'टी६४' प्रत्यय लावून! ३२ बिटांत मोजलेला काळ १९ जानेवारी २०३८ला संपतो. त्या तयारीत या लायब्रऱ्यांचे नव्याने बारसे झालेले. माणसे तीच, लग्नानंतर नाव बदललेली! मी होकार दिला.

२०२१ साली कॅनडातील यूट्यूबवाले लायनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर 'स्टीम' बसवत असता आलेल्या यादीत मात्र खुद्द डेस्कटॉपच जाणार होता. यंत्राने बजावले, तरी त्यांनी हुकूम टंकला आणि डेस्कटॉप गेला.

'एपीटी'चे साधे 'अपग्रेड' काहीच काढत नाही. काढते ते 'फुल-अपग्रेड'. जाणाऱ्याची जोड येणाऱ्यांत सापडली नाही, तर मी 'एन' दाबतो आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहतो. पुष्कळदा तोवर भांडारातली चूक दुरुस्त झालेली असते.